डॉ. भाऊ दाजी आणि खानदेशचे शिलालेख

जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता जामनेर तालुक्यातून जातो. नेरी, पहूर, वाकोद ही गावे मागे टाकली की फर्दापूर येते आणि तेथून घाटाच्या पायथ्याशी वाघूर नदीच्या वळणावर लेणी दिसू लागतात. इंग्रजी अमदानीत या वाटेवर एक सरहद्द होती. जामनेर खानदेश जिल्ह्यात म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, तर लेणी निजामाच्या राज्यात. १८१९ मध्ये मद्रास फौजेतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. तेव्हापासून या वाटेने जिज्ञासू, चित्रकार, लष्करी अधिकारी आणि हौशी प्रवासी जात-येत राहिले. १८६० नंतरच्या काही वर्षांत त्यांत मुंबईच्या एका नामांकित डॉक्टराची भर पडली. चित्रांची वाहवा करून परतणाऱ्यांपैकी ते नव्हते. ओसरीतील भिंतींवर कोरलेली, पावसापाण्याने झिजलेली अक्षरे त्यांना वाचावयाची होती. हे डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी लाड.

मुंबईच्या भायखळ्यातील वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव देण्यात आले, त्यामुळे ते नाव आज अनेकांच्या कानावर आहे. मात्र खानदेशच्या इतिहासावर या माणसाचे केवढे ऋण आहे याची जाणीव खुद्द खानदेशात फारशी आढळत नाही. अजिंठ्याच्या लेखांचे वाचन आणि चाळीसगावजवळच्या पाटण येथील भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख ही दोन्ही कामे त्यांच्या हातून झाली, आणि दोन्ही एका गर्दीच्या वैद्यकीय व्यवसायातून वेळ काढून झाली. त्यांच्या कर्तृत्वाच्या या दोन बाजू बहुधा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. एकत्र पाहिल्या तर त्यांच्यातील एक विलक्षण अंतर नजरेत भरते. शिलालेखांच्या बाबतीत हा गृहस्थ हाती आलेले वाचन, कच्चे असले तरी, छापून मोकळा होत असे. औषधाच्या बाबतीत मात्र खात्री पटेपर्यंत तोंड उघडत नसे.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. वडिलांना दाजी म्हणत, त्यावरून हे भाऊ दाजी झाले आणि पुढे कागदोपत्रीही तेच नाव रूढ झाले. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे महालातील सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. साल बहुतेक ठिकाणी १८२२ दिलेले असते, क्वचित १८२४. बालपणीच कुटुंब मुंबईस आले. बुद्धिबळाच्या पटावरील या मुलाची हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या ध्यानात आली आणि त्याने वडिलांना त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला दिला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून तेथेच ते शिक्षक झाले. काठेवाड व कच्छमधील बालिकाहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले, तेव्हा ते जेमतेम पंचविशीच्या आतबाहेर होते. शिक्षकाची कायम नोकरी हाती असलेला त्या काळचा तरुण बहुधा तेथेच स्थिरावला असता. भाऊ दाजींनी १८४५ मध्ये नव्याने उघडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात पहिल्या विद्यार्थ्यांबरोबर नाव घातले.

त्या निर्णयाचे मोल आज सहजी कळण्यासारखे नाही. कॉलेज गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ निघाले होते, डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्रमुख. शेजारीच जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय होते. तेथे शिकावयाचे म्हणजे प्रेताची चिरफाड करावयाची, आणि सोवळ्याओवळ्याचा पगडा असलेल्या समाजातील मुलांना ते करणे म्हणजे घरादाराचा रोष ओढवून घेणे होते. शस्त्रक्रियेची विद्याही तेव्हा बाल्यावस्थेत होती. क्लोरोफॉर्मचा वापर एडिंबरोत १८४७ मध्ये सुरू झाला, म्हणजे भाऊ दाजी विद्यार्थी असतानाच. जखमेत पू होण्याचे कारण जंतू असून ते मारता येतात हे लिस्टरने सांगितले ते १८६७ मध्ये. तोपर्यंत उत्तम हात असलेल्या शल्यवैद्याचाही रोगी शस्त्राने नव्हे तर नंतरच्या दूषित जखमेने दगावण्याचा धोका कायम असे. १८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजींबरोबर पुढे प्रार्थना समाजाची स्थापना करणारे आत्माराम पांडुरंग होते, अनंत चंद्रोबा होते, आणि वनस्पतिशास्त्रात नाव मिळवणारे लिस्बोआ होते. हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती मुलांची ही पहिली तुकडी पाश्चात्त्य वैद्यक या प्रांतात रुजवणारी ठरली.

भाऊ दाजींनी त्याच वर्षी मुंबईत व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच काळात त्यांचा जम बसला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. नारायणरावांना छायाचित्रणाचा नाद होता आणि मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या कामात दोघेही होते. सार्वजनिक कामांची यादी देऊ लागले तर तिला शेवट नाही. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. हिंदुस्थानच्या कारभाराविषयी पार्लमेंटकडे गेलेल्या अर्जामागे त्यांचे श्रम होते. १८५७ च्या मुंबई विद्यापीठाच्या मूळच्या फेलोंमध्ये ते होते. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले देशी अध्यक्ष. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला आणि त्यांच्या नावाने मुलींची शाळाही निघाली. १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या संग्रहालयासाठी जॉर्ज बर्डवुड व जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर त्यांनी पैसा उभा केला. १८६२ मध्ये पायाभरणी झालेली ती इमारत १८७२ मध्ये लोकांना खुली झाली. एवढ्या व्यापातल्या माणसाला शिलालेख वाचण्यास फुरसत कशी मिळाली, हा प्रश्न त्यांचे चरित्र वाचणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही.

वैद्य म्हणून त्यांच्या वाट्याला आलेल्या एका प्रसंगाचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. वैष्णव महाराजांच्या अनाचारावर करसनदास मूळजी यांनी आपल्या पत्रात १८६० मध्ये लिहिले आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. १८६२ मध्ये हा खटला सुप्रीम कोर्टात उभा राहिला तेव्हा सारी मुंबई त्याकडे डोळे लावून बसली होती. साक्षीदारांत डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम हे महाराजांवर उपचार केलेले वैद्य होते. महाराजांना अनाचारातून जडणारा रोग झाला होता, हे त्यांनी शपथेवर सांगितले. एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. सुधारकांच्या विजयाची ही कथा सर्वत्र सांगितली जाते, परंतु तिच्यातील डॉक्टराची अडचण फारशी कोणी ध्यानात घेत नाही. रोग्याचे गुपित बाहेर फोडू नये ही वैद्याची जुनी प्रतिज्ञा एकीकडे, आणि धर्माच्या नावाखाली चाललेल्या अनाचाराविरुद्ध न्यायासनासमोर खरे सांगण्याचे कर्तव्य दुसरीकडे. भाऊ दाजींनी दुसरा मार्ग पत्करला. श्रीमंत भाटिया आणि वाणी घराण्यांत ज्याचा व्यवसाय आहे त्याने हे करणे धाडसाचे होते. तरीही ती साक्ष निर्मळ समाधानाची असेल, असे मानणे कठीण आहे.

संस्कृताकडे ते वळले ते वैद्यकाच्याच वाटेने. जुन्या वैद्यकग्रंथांत ज्या औषधांना अद्भुत गुण दिलेले आहेत ती खरोखर उपयोगी पडतात की नाही, हे त्यांना स्वतः पारखून पाहावयाचे होते. पाश्चात्त्य विद्या शिकलेल्या त्यांच्या पिढीतील काहींनी ते ग्रंथ भाकडकथा म्हणून बाजूस सारले, तर काहींनी ते डोक्यावर घेतले. भाऊ दाजींनी यांपैकी काहीच केले नाही. ग्रंथ वाचावा, वनस्पती मिळवावी, रोग्याला देऊन पाहावी आणि परिणाम नोंदवावा, अशी त्यांची रीत होती. मात्र ग्रंथ वाचताना दुसराच प्रश्न पुढे आला. ग्रंथकार कोणत्या शतकातला, हेच ठाऊक नसेल तर त्याच्या म्हणण्याची किंमत कशी करावयाची? कालनिर्णयाच्या या शोधातून ते हस्तलिखितांकडे, तेथून नाण्यांकडे आणि ताम्रपटांकडे, आणि शेवटी दगडावर कोरलेल्या लेखांकडे गेले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते पुढे उपाध्यक्ष झाले आणि तिच्या नियतकालिकात त्यांचे लेख एकापाठोपाठ येऊ लागले.

अजिंठ्यासंबंधीचा त्यांचा लेख १८६१ ते १८६३ या काळाच्या सातव्या खंडात आहे. त्याआधी या लेण्यांत आणखी एका शल्यवैद्याचे येणे-जाणे झाले होते, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. मुंबईच्या लष्करी वैद्यकीय खात्यातील डॉ. जेम्स बर्ड यांनी लेण्यांविषयी लिहिले, लेखांचे अर्थ लावण्याचाही प्रयत्न केला. पण त्यांचे नाव अजिंठ्याच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने राहिले. भिंतीवरील काही रंगीत आकृती त्यांनी सोलून काढल्या, असे १८२८ च्या सुमारास तेथे गेलेल्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. पुढे मेजर रॉबर्ट गिल यांनी आयुष्याची वीस वर्षे खर्चून चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. गिल यांचा देह खानदेशातच, भुसावळच्या दफनभूमीत विसावला आहे. भाऊ दाजींनी अजिंठ्याहून नेले ते फक्त अक्षरांचे उतारे. ते छापले गेले आणि म्हणून टिकले.

त्या अक्षरांतून मिळाले काय? सोळा, सतरा आणि सव्वीस क्रमांकांच्या लेण्यांतील मोठ्या लेखांनी अजिंठ्याचा दुसरा बहर कोणाच्या काळी आला ते उघड केले. वाकाटक हे घराण्याचे नाव त्याआधी मध्य प्रांतातील शिवणीच्या ताम्रपटावरून माहीत झाले होते. अजिंठ्याच्या लेखाने त्या घराण्याच्या राजांची मालिका पुढे आणली. भाऊ दाजींचे वाचन सर्वस्वी बिनचूक नव्हते. भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आणि शेवटी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पदोपदी दुरुस्त केले, आणि सोळावे लेणे हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचे दान असल्याचे आज जे आपण सहजपणे सांगतो ते या सर्वांच्या श्रमांचे फळ आहे. परंतु दुरुस्त करावयास काही तरी हाती असावे लागते. झिजलेल्या ओळींसमोर उभे राहून त्यांतून वाक्ये जुळवण्याचे पहिले मोठे काम मुंबईच्या या डॉक्टराने केले.

पाटणच्या लेखाची कथा याहून महत्त्वाची आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे दहा मैलांवर, सह्याद्रीच्या सातमाळा रांगेच्या पायथ्याशी, पाटण हे ओसाड पडलेले जुने नगर आहे. आज पाटणादेवी म्हणून ते यात्रेकरूंना ठाऊक आहे आणि गौताळा अभयारण्याच्या रानाने ते वेढलेले आहे. तेथील भवानीच्या पडक्या देवळात भाऊ दाजींना एक शिलालेख मिळाला. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळासंबंधी एक विस्तृत टिपण प्रसिद्ध केले, त्यात हा लेख प्रथम जगापुढे आला.

या लेखाचे वेगळेपण असे की तो कोणा राजाच्या पराक्रमाचा नव्हे, एका विद्येच्या मठाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला, आणि तेथील निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला उत्पन्न लावून दिले. लेखात घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून सुरू होऊन भास्कराचे वडील महेश्वर, मग भास्कर, मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव अशी ती परंपरा आहे. शेवटचा भाग तर खानदेशी माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे, कारण तो जुन्या मराठीत आहे. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा वाटा मठाला कसा द्यावा आणि तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यावे, याचा हिशेब त्यात मांडलेला आहे. गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिव्यात जळणारे तेल पाटणच्या तेल्यांच्या घाण्यांतून येत होते, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

भास्कराचार्यांनी आपला जन्मशक १०३६ आपल्याच ग्रंथात दिला होता आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी रचल्याचेही सांगितले होते. त्यामुळे काळाविषयी वाद नव्हता. वाद होता तो स्थळाविषयी. विज्जलविड हे त्यांचे गाव कोठले? कोणी बीड म्हणे, कोणी विजापूर, कोणी आणखी काही. ग्रंथकाराने ते सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे सांगितले होते, आणि नातवाचा मठ नेमका सह्याद्रीच्या कुशीतल्या पाटणला सापडला. एवढ्यावरून विज्जलविड म्हणजे पाटणच असे सिद्ध होत नाही, आणि तसा आग्रह धरणेही बरे नाही. पण भास्करांचे घराणे खानदेशात नांदत होते याला आता दगडाचा पुरावा मिळाला. धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात काही वर्षे शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा आपला थोर मराठी इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा भास्करांच्या विवेचनात हा लेख त्यांच्या हाताशी होता.

त्याच टिपणातील आर्यभटासंबंधीचा भागही तितकाच मोलाचा आहे. कोलब्रुकसारख्या पंडिताला आर्यभटाचे मूळ ग्रंथ मिळाले नव्हते आणि त्याच्या नावावर पुढच्या काळातील दुसऱ्या आर्यभटाचा ग्रंथ चालत असे. भाऊ दाजींनी हस्तलिखिते मिळवून दोघांना वेगळे केले. कलियुगाची तीन हजार सहाशे वर्षे लोटली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो, हे आर्यभटाचे स्वतःचे विधान त्यांनी पुढे ठेवले. त्यावरून त्याचा जन्म इसवी सन ४७६ मध्ये झाला हे ठरते. आज शाळेतले मूल हे साल पाठ करते.

याच भाऊ दाजींच्या चुकाही मोठ्या होत्या. कालिदास म्हणजे राजतरंगिणीत आलेला काश्मीरचा मातृगुप्तच, असा सिद्धांत त्यांनी १८६० च्या सुमारास मोठ्या आत्मविश्वासाने मांडला. तो पुढे कोणी मान्य केला नाही. अंबरनाथच्या देवळातील शिलालेखाचे साल त्यांनी शके ७८२ असे वाचले. एका अंकाच्या त्या चुकीने देऊळ दोनशे वर्षांनी जुने झाले. भगवानलालांनी तो आकडा ९८२ असल्याचे दाखवले. पाटणच्या लेखाचेही कीलहॉर्न यांनी १८९२ मध्ये पुन्हा संपादन केले, तेव्हा शोध भाऊ दाजींचा म्हणून सांगितला खरा, पण वाचन स्वतः नव्याने दिले. भाऊ दाजींना हे सारे नव्या विद्येतील स्वाभाविक हिशेब वाटले असते. लेख चुकीचा वाचला तर उद्या दुसरा कोणी तो नीट वाचील. शिळा कोठे पळून जात नाही.

भगवानलाल इंद्रजी यांचे नाव वर दोनदा आले, त्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जुनागढचा हा तरुण, इंग्रजी शाळेचे वळण नसलेला, स्वतःच्या बळावर गिरनारच्या खडकावरील ब्राह्मी अक्षरे शिकलेला, १८६० नंतर लवकरच भाऊ दाजींकडे मुंबईस आला आणि डॉक्टरांच्या मृत्यूपर्यंत त्यांच्यासाठी काम करीत राहिला. शेरीफाला आणि गजबजलेल्या दवाखान्याच्या मालकाला महिनोनमहिने रानावनात हिंडणे शक्य नव्हते. राजपुतान्यापासून नेपाळपर्यंत पायपीट करून ठसे आणि नकला आणण्याचे काम भगवानलालांनी केले. भाऊ दाजींच्या नावावर छापलेल्या विद्वत्तेत या सहायकाच्या डोळ्यांचा आणि पायांचा वाटा किती, हे आज तोलून सांगता येणार नाही; तो मोठा होता एवढे मात्र निश्चित. पुढे लायडेन विद्यापीठाने भगवानलालांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. मालकाच्या छायेत राहूनही शिष्य मोठा होऊ शकला, याचे काही श्रेय मालकालाही द्यावे लागते. स्वतःच्या खिशातील पैसा अशा शोधांवर खर्च करणारे त्या काळच्या मुंबईत फार थोडे होते.

आता त्यांच्या दवाखान्याकडे वळावयास हवे. भाऊ दाजींनी ज्या रोगावर सर्वांत अधिक विचार केला तो महारोग. त्या काळी या रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये जो अहवाल दिला त्याचा कल रोग आनुवंशिक आहे, संसर्गाचा नव्हे, असा होता. मुंबईतच डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर महारोगाचा शास्त्रीय अभ्यास करीत होते. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील चित्रे काढणारे हेच ते कार्टर. नॉर्वेत हान्सेन यांनी रोगाचे जंतू पाहिले ते १८७३ मध्ये. म्हणजे भाऊ दाजी उपचार करीत होते ते कारण ठाऊक नसलेल्या रोगावर.

त्यांचे औषध होते कडू कवठाच्या बियांचे तेल. कोकण आणि सह्याद्रीच्या रानांत वाढणारे हे झाड. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाचे, पश्चिम समुद्राच्या काठी होणारे झाड वर्णिलेले आहे आणि त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितलेले आहे. ते हेच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. भाऊ दाजींनी हे तेल रोग्यांवर वापरून पाहिले, त्यांना काही प्रमाणात गुण आला आणि त्याची वाच्यताही झाली. मात्र औषध कोणते, मात्रा किती, परिणाम कसा, याचे पूर्ण विवरण त्यांनी प्रसिद्ध केले नाही. कालिदासाविषयीचा तर्क सभेत वाचून दाखविणारा, सहज चुकू शकणारा आकडा छापून टाकणारा हा माणूस येथे मात्र हात राखून होता.

याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. गुप्त औषधाचा मोह झाला, असे म्हणणारे म्हणतील. आणि पैसा मिळवणाऱ्या डॉक्टराविषयी असा संशय घेणे सोपेही आहे. पण त्यांच्या एकंदर वागण्याशी तो जुळत नाही. धर्मार्थ दवाखाना चालवणाऱ्या, ग्रंथ आणि नाणी यांवर पैसा उधळणाऱ्या माणसाने एका तेलासाठी लोभ धरावा, हे पटत नाही. अधिक संभवनीय कारण महारोगाच्या स्वभावातच आहे. हा रोग वर्षानुवर्षे चालतो, मध्येच आपोआप थांबतो, पुन्हा उसळतो. सहा महिन्यांत चट्टे फिके झाले म्हणून रोग बरा झाला असे म्हणणारा वैद्य दोन वर्षांनी तोंडघशी पडतो, आणि त्याच्यावर विसंबलेले रोगी त्याहून वाईट अवस्थेत पडतात. कालिदासाचे शतक चुकले तर कोणाचा जीव जात नाही. या एका फरकाने भाऊ दाजींच्या लेखणीला एकीकडे मोकळीक दिली आणि दुसरीकडे लगाम घातला असावा.

परंतु या सावधपणाची किंमत त्यांनी चुकवली नाही. ती रोग्यांनी चुकवली. आजारपण आले, अर्धांगवायूने शरीर खिळले, आणि ३१ मे १८७४ रोजी वयाच्या पन्नाशीनंतर लवकरच भाऊ दाजी गेले. वर्षभरात नारायणरावही गेले. ज्या दोघांना त्या उपचाराचे बारकावे सर्वांत अधिक ठाऊक असणार, ते दोघेही एकापाठोपाठ नाहीसे झाले. कार्टर यांनी आपली निरीक्षणे वेळोवेळी छापली होती; त्यांचे कागदपत्र लंडनच्या संग्रहात आजही पाहावयास मिळतात. भाऊ दाजींच्या तेलाचे नाव विसरले गेले नाही याचे कारण विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिले आणि त्यांत कडू कवठाचे तेल हे दिवंगत भाऊ दाजींचे महारोगावरील औषध होते, अशी नोंद केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत याच जातीच्या झाडांचे तेल, शुद्ध करून व सुईने टोचून, साऱ्या जगात महारोगावरचे मुख्य औषध म्हणून वापरले गेले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी, हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्यावर काम केले. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि तेलाचा जमाना संपला. त्या चाळीस वर्षांतील संशोधकांना भाऊ दाजींच्या वीस वर्षांच्या अनुभवाची वही मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक नाही.

त्यांच्या मागे राहिले ते असे. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातील लेख. त्यांतील दिल्लीच्या लोहस्तंभावरचा लेख सोसायटीपुढे १८७१ मध्ये वाचला गेला आणि छापून आला तो त्यांच्या मृत्यूनंतर १८७५ मध्ये. प्रिन्सेपने त्या स्तंभावरील राजाचे नाव धाव असे वाचले होते. ते चंद्र असल्याचे भाऊ दाजींनी ओळखले, आणि ते वाचन टिकले. त्यांनी जमवलेली हस्तलिखिते सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांच्या नावाच्या संग्रहात ठेवलेली आहेत, ह. दा. वेलणकर यांनी पुढे सोसायटीची जी वर्णनात्मक सूची केली तिच्यात त्यांची नोंद आहे. १८८८ मध्ये रामचंद्र घोष यांनी कलकत्त्याहून भाऊ दाजींचे लेख एका पुस्तकात एकत्र छापले. भगवानलाल वारले तेही त्याच वर्षी. मराठीत त्यांचे विस्तृत चरित्र येण्यास १९७१ साल उजाडावे लागले, ते अ. का. प्रियोळकर यांनी लिहिले. घोषांच्या पुस्तकात लेणी आहेत, ताम्रपट आहेत, कवी आणि ज्योतिषी आहेत, पाटण आणि अजिंठा आहेत. त्या पानांत रोगी नाहीत, मात्रा नाही आणि तेलाचा उल्लेख शोधावयाचा तर डायमॉक यांचा ग्रंथच उघडावा लागतो.